आमची वाटचाल : खर्चीवाल्यापासून रेपिअरपर्यंत

वडिलांनी इचलकरंजीत खर्चीवाले म्हणून सुरुवात केली. सूत व्यापाऱ्याचं, माग आपले, मजुरी पिकावर, म्हणजे आडवा धागा जितक्या वेळा टाकला त्यावर. ती वर्षं ठीक गेली, त्यावर जास्त लिहीत नाही.

१ जानेवारी २००५ ला कापडाचा जागतिक कोटा उठला. श्रीमंत देश १९७४ पासून आपल्यासारख्यांचं कापड मोजूनमापून घेत होते, ते थांबलं. युरोपातल्या कित्येक मिलना हा मारा झेपला नाही आणि त्यांचे माग इकडे येऊ लागले. मी आणि माझे मेहुणे, दोघांनी भागीदारीत कर्ज काढून उत्तर इटलीतल्या एका बंद मिलचे पिकॅनॉल कंपनीचे आठ रेपिअर, म्हणजे धोट्याविना आडवा धागा टाकणारे माग, घेतले. साधा माग मिनिटाला दीडशेच्या आसपास पीक टाकतो, हे चारशेच्या पुढे पळत. एका मागाच्या पॅनेलच्या दाराला आतून पेन्सिलीनं सेटिंगच्या नोंदी लिहिलेल्या होत्या. भाषा कळेना, पण आकडे कळत होते. आमच्या जॉबरनं, म्हणजे माग लावणाऱ्या मिस्त्रीनं, त्याच आकड्यांवर ताण लावला आणि उभी तार तुटणं थांबलं. ज्यानं ते लिहिलं त्या कारागिराचं काम गेलं म्हणून आमचं सुरू झालं. हे मी मेहुण्यांना तेव्हाही बोलून दाखवलं होतं.

मग आलं २०१०-११. पाकिस्तानात पूर, चीनची मोठी खरेदी, त्यात आपल्या सरकारनं कापूस निर्यातीवर घातलेली बंधनं. मार्च २०११ मध्ये न्यूयॉर्कला कापूस पौंडाला दोन डॉलरच्या वर गेला आणि वर्ष सरता सरता निम्म्याच्याही खाली आला. आम्ही एका मोठ्या व्यापाऱ्याकडून निर्यातीच्या शर्टिंगची ऑर्डर घेऊन चढ्या भावानं सूत भरलं होतं. भाव पडताच त्या मोठ्या व्यापाऱ्याला आमच्या कापडात रीडमार्क, म्हणजे मागाच्या फणीमुळे पडणाऱ्या उभ्या रेषा, दिसू लागले. बीम, म्हणजे उभ्या धाग्यांचा रूळ, तेच, फणी तीच, आधीचे लॉट बिनबोभाट पास झालेले. माल परत करतो म्हणून दम दिला आणि शेवटी पडत्या भावानं घेतला. तेच कापड पुढे दोष न काढता निर्यातीला गेलं, हे कापड धुऊन-रंगवून देणाऱ्या प्रोसेसवाल्याकडून कळलं. त्या फरकापायी आमचे सगळे साधे माग किलोच्या भावानं भंगारात गेले. वडील त्या दिवशी कारखान्यात आले नाहीत. माझ्या लेखी तो हिशेब अजून उघडाच आहे.

तारलं ते मुंबईच्या मूळजी जेठा कापड मार्केटमधल्या आमच्या जुन्या शेठनी. "सूत मी पाठवतो, तुम्ही बीम चालू ठेवा," एवढंच म्हणाले. रेपिअरवर पुन्हा खर्ची सुरू झाली. आजही त्यांचा लॉट आधी लागतो.

२०११ च्याच सप्टेंबरात बांगलादेशच्या ४६ प्रकारच्या कापड-कपड्यांवरचं आयातशुल्क भारतानं माफ केलं. तिथून येणाऱ्या तयार कपड्यात चिनी कापडही असतं आणि त्याच्याशी आम्ही भावात लढायचं. पण माझा राग तिथल्या शिवणाऱ्या मुलींवर नाही. २०१३ मध्ये राणा प्लाझा कोसळून अकराशेच्या वर माणसं दबून मेली, ती युरोप-अमेरिकेला स्वस्त कपडा पुरवता पुरवता. तिकडच्या गिऱ्हाइकाला शर्ट स्वस्त मिळाला, तिकडच्याच मिल कामगाराचं काम गेलं.

आणि बाजार खुला ठेवा हे आपल्याला शिकवणारी अमेरिका स्वतःच्या कापूस शेतकऱ्याला अनुदान देते. बुर्किना फासो, माली, बेनिन, चाड यांनी २००३ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत त्याविरुद्ध दाद मागितली. ब्राझीलनं मात्र दावा लावून जिंकला आणि २०१४ मध्ये ३० कोटी डॉलर घेऊन तडजोड केली. ज्याच्यात लढायची ताकद त्याला भरपाई. आमच्या गल्लीतही हेच चालतं.

नव्या पोरांना सांगतो, जुना रेपिअर घेताना तो चालू बघा, आडवा धागा नेणारे टेप आणि हेड हातात घेऊन तपासा, रंगावर जाऊ नका. सुताच्या तेजीत साठा करू नका. पेमेंटचा धारा, म्हणजे पैसे किती दिवसांत द्यायचे ते, आणि माल पास करायची मुदत दोन्ही लेखी घ्या. समोरचा कितीही मोठा असो, त्याची सही झाल्याशिवाय मी बीम चढवत नाही.