ताप उतरला तो दिवस

"डॉक्टर, ताप उतरला ना?" आयसीयूच्या दाराशी पेशंटच्या बायकोने विचारलं. आठ दिवसांत पहिल्यांदाच तिचा चेहरा जरा सैल झाला होता. तिचा नवरा ४५ टक्के भाजलेला. आठवडाभर ३८.५ अंश सेल्सिअसच्या खाली न आलेला ताप त्या सकाळी ३६.१ होता, आणि तो आकडा बघूनच माझ्या पोटात गोळा आला होता.

एवढं भाजल्यावर संसर्ग नसला तरी अंग तापलेलं राहतं, नाडी १२० च्या आसपास धावते. त्यामुळे रक्तात जंतू शिरल्याच्या नेहमीच्या खुणा इथे कामाला येत नाहीत. पण तोच ताप एकाएकी उतरला तर जंतू रक्तात शिरल्याची धास्ती वाटते. सिस्टर म्हणाल्या, "सर, रात्रीपासून नळीतून दिलेलं फीड पचत नाहीये. आत्ता तीनशे एमएल मागे आलं." इन्सुलिन दुप्पट लागत होतं. प्लेटलेट दोन लाखांवरून ८२ हजारांवर.

जांघेतली सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेली नळी, सहा दिवसांची, भाजलेल्या कातडीला अगदी लागून. आदल्या दिवशीच ती बदलायचं माझ्या मनात आलं होतं. दुसरी चांगली जागा सहज मिळेना, म्हणून मी एक दिवस ढकलला. ते अजून सलतं.

लाइनमधून आणि न भाजलेल्या पावलाच्या शिरेतून एकाच वेळी रक्त काढून कल्चरला, म्हणजे त्यात जंतू वाढतात का ते बघायला, पाठवलं. मानेत नवी लाइन घातली, जुनी काढून टाकली. रिपोर्टची वाट न बघता मेरोपेनेम आणि कोलिस्टिन ही अँटिबायोटिक्स सुरू केली. मग मांडीचं ड्रेसिंग सोडलं. खालचा गॉज हिरवट, आणि तो गोडसर, दाट वास! एकदा घेतला की नाक विसरत नाही. स्युडोमोनास, भाजलेल्या जखमेत वाढणारा जंतू. कुणी बोललं नाही, सगळ्यांना कळलं. दुपारी सर्जननी ती मेलेली कातडी काढली.

लाइनच्या रक्ताची बाटली नऊ तासांत पॉझिटिव्ह आली, पावलाची बारा तासांनी. दोन तासांहून जास्त फरक पडला की बोट लाइनकडेच जातं. दोन्हींत स्युडोमोनासच.

तिसऱ्या दिवशी फीड पचू लागलं, प्लेटलेट लाखावर गेल्या. बायको धावत आली, "डॉक्टर, परत ताप चढलाय, ३८.४!" मी तिला खुर्चीवर बसवलं आणि हा ताप मला का हवा होता ते पहिल्यापासून सांगितलं.