आमची वाटचाल: अंबडच्या गाळ्यातून व्हिडिओ कॉलवर पॅनल टेस्टिंग

आमचं काम कंट्रोल पॅनल, म्हणजे कारखान्यातल्या मोटरी आणि मशीन चालवणाऱ्या विजेच्या पेट्या बनवायचं, २०११ पासून नाशिकच्या अंबड एमआयडीसीत. सुरुवातीला भाड्याचा गाळा, मी, एक वायरमन आणि फोरमन काका, जे सातपूरला वीस वर्षं पॅनल वायरिंग करून आमच्याकडे आले. आज आम्ही चौदा जण आहोत, पॅनल चाकण, वापी, सिन्नर आणि दिंडोरीकडच्या वायनऱ्यांपर्यंत जातात.

ज्यांना आमचा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, पॅनल तयार झालं म्हणजे लगेच गाडीत भरत नाहीत. क्लायंटचा इंजिनिअर गाळ्यावर येतो, ड्रॉइंग हातात घेऊन एकेक फेरूल नंबर (वायरच्या टोकावरच्या बारीक नळीवर छापलेला) तपासतो, सप्लाय देऊन टेस्टिंग बघतो, सही करतो आणि मगच डिस्पॅच, आणि पेमेंट त्याच्याही नंतर. २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा आमची दोन मोठी पॅनल तयार होऊन उभी होती, तांब्याचे पैसे देऊन झालेले, आणि बघायला येणारं कोणीच नाही. माझी झोप उडाली होती हे खरंच सांगतो, पगार द्यायचेच होते.

मग व्हिडिओ कॉलवर इन्स्पेक्शन करायचं ठरलं. पहिला विचार अर्थातच व्हॉट्सॲप, पण एप्रिल २०२० पर्यंत त्यावर चारच माणसं घेता यायची, नंतर आठ झाली, तरी क्लायंटचे तिघं, आम्ही तिघं आणि एखादा कन्सल्टंट म्हटलं की गर्दी व्हायची, आणि क्लायंटला रेकॉर्डिंग हवं होतं ते त्यात नव्हतंच. झूम सगळ्यांच्या तोंडी होतं. त्याच्या फुकट प्लॅनला ग्रुप मीटिंग ४० मिनिटांची, आणि एक पॅनल नीट बघायचं तर दोन तास लागतात. शिवाय त्याच एप्रिलमध्ये गृह मंत्रालयाने सरकारी अधिकाऱ्यांनी झूम वापरू नये अशी सूचना काढली होती, त्यामुळे काही क्लायंट नकोच म्हणायचे. मोठ्या कंपन्या मायक्रोसॉफ्ट टीम्सवर, ते लिंक पाठवायचे आणि आम्ही पाहुणे म्हणून जायचो, त्यात काही अडचण नव्हती. पण स्वतःची लिंक आपल्याकडून जावी, वेळ आपण ठरवावी, हे मला महत्त्वाचं वाटत होतं कारण पॅनल आमचं आहे आणि दाखवणारे आम्ही आहोत.

शेवटी आम्ही गूगल मीट घेतलं. कारण साधं होतं, क्लायंटच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर काही इन्स्टॉल करायला आयटीवाले परवानगी देत नाहीत आणि हे लॅपटॉपवर ब्राउझरमध्येच उघडतं. आमच्या पोरांच्या फोनमध्ये जीमेल होतंच. सगळ्यांसाठी प्लॅन विकत घ्यावा लागतो असा माझा समज होता, तसं नाहीये, मीटिंग जो भरवतो त्याचा पुरतो, बाकीचे लिंकवरून येतात. म्हणून तीनच आयडी घेतले, पण सगळ्यात स्वस्त प्लॅनमध्ये रेकॉर्डिंग नव्हतं, त्याच्या वरचा घ्यावा लागला. हिशेब आमच्या सौ. बघतात, त्यांनी वापीची एक फेरी, डिझेल-टोल-जेवण धरून, शेजारी लिहून ठेवली आणि मग काही बोलायला उरलं नाही.

पण खरं शिकलो ते ॲप निवडून झाल्यावर. पहिल्याच मोठ्या इन्स्पेक्शनला स्टार-डेल्टा स्टार्टर दाखवत होतो, म्हणजे मोठी मोटर आधी कमी करंटच्या स्टार जोडणीत सुरू करून मग डेल्टा जोडणीवर नेणारा. काकांनी सप्लाय दिला, टायमर संपला, स्टारचा कॉन्टॅक्टर (विजेवर चालणारा मोठा स्विच) सुटला आणि डेल्टाचा लागला, गाळ्यात खट-खट स्पष्ट ऐकू आलं, आणि पलीकडून साहेब विचारतात, "चालू केलं का अजून?" परत केलं, तरी तेच. आम्ही सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतोय. मग कळलं की व्हिडिओ कॉलची ॲप्स माणसाचा आवाज ठेवतात आणि बाकी आवाज गोंगाट समजून गाळून टाकतात. ऑफिस मीटिंगला ते चांगलंच आहे, पण आमच्या धंद्यात कॉन्टॅक्टरची खट-खट, कॉइलची घरघर हेच तर ऐकायचं असतं, त्यावरूनच काका डोळे मिटून सांगतात की कुठे कचरा अडकलाय किंवा व्होल्टेज कमी मिळतंय. ते सेटिंग बंद केलं आणि साहेबांना पलीकडे खट-खट ऐकू गेली, ते म्हणाले "हां, आता आलं". मला इतका आनंद झाला होता की सांगता येत नाही.

फेरूलचे नंबर मात्र व्हिडिओत कधीच नीट दिसत नाहीत, फोन हलला की अक्षरं विरघळतात, आणि टॉर्च मारला तर बसबारवरून, म्हणजे आतल्या तांब्याच्या पट्ट्यांवरून, उजेड परत येऊन सगळं पांढरं. आता फोन स्टँडवर लावतो, लाइट बाजूने धरतो आणि नंबरांचे फोटो वेगळे पाठवतो. गाळ्यातली लाइट गेली की राउटर बंद पडायचा, कॉलही तुटायचा, म्हणून राउटर आणि लॅपटॉप दोन्ही छोट्या यूपीएसवर घेतले, खर्च फार नाही पण आधी सुचलंच नव्हतं. साइटवरच्या पोरांचा डेटा व्हिडिओत तासाला एक जीबीच्या आसपास जातो, पेठ रोडला घाटात तर नेटवर्कच पळतं, तिथून ते फक्त आवाजावर बोलतात आणि नंतर व्हिडिओ काढून पाठवतात, हे आम्ही आता नियमच केलाय, त्यावरून कोणी कोणाला बोलत नाही.

लॉकडाऊन उठल्यावर क्लायंट परत यायला लागले, मोठ्या पॅनलला आम्हीच आग्रहाने बोलावतो, कारण हात लावून बघितल्याशिवाय काही गोष्टी कळत नाहीत. पण छोटी पॅनल आणि दुरुस्तीनंतरची टेस्टिंग बहुतेक कॉलवरच होतात. परवा चाकणवाल्यांचं झालं, फोन काकांच्याच हातात होता, आणि कॉल लागल्या लागल्या त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "आवाजाचं ते बंद केलंय ना?"