तुम्ही विचारलंत म्हणून: रिपोर्ट निगेटिव्ह आला, मग बरं का वाटत नाही?

ठाण्यात नौपाड्यातल्या एका छोट्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी काम करते. रक्त काढायचं, सॅम्पल लावायची आणि गर्दी असेल तेव्हा काउंटरवर बसून रिपोर्टही द्यायचे. गणपती झाले की दिवाळीपर्यंत एक प्रश्न हटकून येतो: "ताई, रिपोर्ट तर निगेटिव्ह आलाय, मग मला अजून बरं का वाटत नाही?" विचारणारी बहुतेक वेळा बाई असते. मागे उभा असलेला नवरा किंवा मुलगा "काही नाहीये म्हणतायत ना, झालं मग" असं पुटपुटत असतो. कधी वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातला एखादा मुलगा असतो, त्याला सुपरवायझरने बजावलेलं असतं की रिपोर्ट क्लीअर असेल तर सोमवारपासून हजर हो. मागे रांग लागलेली असते, म्हणून मी "डॉक्टरांना दाखवा" एवढंच म्हणते. ते बरोबरच आहे, मी डॉक्टर नाही. पण या प्रश्नावर गेल्या दहा-पंधरा वर्षांत जगभर जे काम झालंय ते दोन वाक्यांत मावणारं नाही, म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

आधी त्या कागदावर काय असतं ते बघू. डेंग्यूची एनएस१ तपासणी विषाणूचं एक प्रथिन शोधते. ताप आल्यापासून पहिले चार-पाच दिवस ते रक्तात भरपूर असतं, नंतर कमी होत जातं. त्यामुळे आठव्या दिवशी केलेली एनएस१ निगेटिव्ह आली म्हणजे डेंग्यू झालाच नव्हता, असं होत नाही. आयजीएमचं उलटं. ती प्रतिपिंडं, म्हणजे जंतूशी लढायला शरीराने बनवलेली प्रथिनं शोधते, पाचव्या दिवसाच्या पुढे भरवशाची होते आणि माणूस कामावर जायला लागला तरी दोन-तीन महिने पॉझिटिव्ह दिसू शकते.

प्लेटलेटचं तर विचारूच नका. जांभळ्या टोपीच्या ट्यूबमध्ये रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए असतं, आणि काही माणसांच्या प्लेटलेट त्या ईडीटीएमुळेच एकमेकींना चिकटतात. मशीनला ते घोस मोजता येत नाहीत. काउंट एकदम खाली दिसतो, घरी रडारड सुरू होते, कोणीतरी पपईची पानं शोधायला निघतं. अशा वेळी आम्ही स्लाइड करतो. काचेवर एक थेंब ठेवायचा, दुसऱ्या काचेच्या कडेने तो एका दमात पातळ ओढायचा, वाळू द्यायचा, रंग द्यायचा आणि मायक्रोस्कोपखाली टेलकडे, म्हणजे ओढलेल्या थेंबाच्या पातळ टोकाकडे सरकायचं. गुच्छ झाले असतील तर तिथे जांभळट ठिपक्यांचे पुंजके गर्दी करून बसलेले दिसतात. मग निळ्या टोपीच्या, सायट्रेटच्या ट्यूबमध्ये पुन्हा रक्त घ्यायचं. काउंट चांगला दीड लाखाच्या वर निघाल्याचं मी पाहिलेलं आहे. हे सांगण्याचं कारण एवढंच की रिपोर्ट म्हणजे त्या दिवशीच्या त्या थेंबाला विचारलेला एक प्रश्न. जंतूने अंगात काय करून ठेवलं, हे त्या थेंबाला कोणी विचारलेलंच नसतं.

चिकनगुनियात हे सगळ्यात ठळक दिसतं. ताप पाच-सहा दिवसांत उतरतो आणि खरी रड नंतर सुरू होते. मूठ वळत नाही, पोळी लाटता येत नाही, सकाळी पाय जमिनीला टेकवला की डोळ्यांत पाणी येतं. महाराष्ट्राला हा आजार नवा नाही. १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यात बार्शीला त्याची मोठी साथ आली होती. मग तो जवळजवळ गायब झाला आणि २००५-०६ मध्ये परत आला, तेव्हा २००६ या एका वर्षात देशात सुमारे १४ लाख संशयित रुग्णांची नोंद झाली. त्याच सुमाराला हिंदी महासागरातल्या रियुनियन या फ्रेंच बेटावर जवळपास एकतृतीयांश लोकांना तो झाला. तिथल्या संशोधकांनी रुग्णांचा पुढे पाठपुरावा केला, तेव्हा एका रुग्णाच्या सांध्याच्या अस्तरात दीड वर्षानंतरही विषाणूचे अंश सापडले. वाटलं, उलगडा झाला, विषाणू सांध्यात दबा धरून बसतो. पण कोलंबियात ३८ रुग्णांच्या दुखऱ्या सांध्यांतलं पाणी साधारण पावणेदोन-दोन वर्षांनी तपासलं, तर एकातही विषाणू नव्हता. म्हणजे काहींमध्ये चोर घरात लपलेला असेलही, पण बऱ्याच जणांमध्ये चोर कधीच पळालाय आणि पहारेकरी, म्हणजे शरीराची रोगप्रतिकारशक्ती, अजून घरच्यांनाच बडवतोय. यातलं कोणाच्या सांध्यात काय चाललंय हे आमच्या साध्या तपासणीत कळत नाही. म्हणून मागे पुटपुटणाऱ्या नवरोबांना माझं सांगणं आहे की ती नाटकं करत नाहीये. तिच्या हातातलं लाटणं काही दिवस तुम्ही घ्या.

पहारेकऱ्याची चूक किती महागात पडते, ते पुण्याने २०२५ च्या जानेवारीत पाहिलं. सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या भागात गियाँ-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराचे रुग्ण एकामागून एक निघाले. संशयितांचा आकडा २०० च्या वर गेला, काहींना व्हेंटिलेटर लागला, मृत्यूही झाले. बऱ्याच रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जीवाणू सापडला. एरवी त्याने पोट बिघडतं आणि आठवड्यात माणूस बरा होतो. पण या जीवाणूच्या वरच्या आवरणातला काही भाग आपल्या नसांवरच्या रेणूंसारखा दिसतो. जीवाणूला मारायला तयार झालेली प्रतिपिंडं कधी कधी नसांवर चाल करून जातात. जुलाब थांबून आठ-दहा दिवस होतात, घरचे तो प्रसंग विसरूनही जातात, आणि मग पायांतलं बळ जायला लागतं. पोटाच्या आजारानंतर किंवा तापानंतर पायांत मुंग्या येऊन जिना चढणं जड जात असेल, तर लॅबमध्ये येऊ नका. थेट मोठ्या हॉस्पिटलात जा, त्याच दिवशी.

गोवराचं वाचलं तेव्हा मात्र मी खरोखर गप्प झाले. आमच्या लहानपणी "गोवर काय, येतो आणि जातो" असं म्हणायचे. कडुलिंबाचा पाला उशाशी ठेवला की झालं. २०१९ मध्ये नेदरलँड्समधल्या, लस न घेतलेल्या ७७ मुलांचं गोवर होण्याआधीचं आणि नंतरचं रक्त तपासलं गेलं. त्या मुलांच्या अंगात इतर जंतूंविरुद्ध जी प्रतिपिंडं होती, त्यांतली ११ ते ७३ टक्के गोवराने पुसून टाकली होती. आधी झालेल्या सर्दी-खोकल्यांनी, जुलाबांनी शरीराला जे शिकवलं होतं, ते मूल विसरलं. म्हणून गोवरानंतरची दोन-तीन वर्षं मूल न्यूमोनियाने, हगवणीने पुन्हा पुन्हा आजारी पडतं, आणि दोष मात्र हवेला जातो. २०२२ च्या शेवटी गोवंडीत गोवराची साथ आली, आपल्या जिल्ह्यात भिवंडीतही मुलं सापडली. तेव्हा वर्तमानपत्रांत पुरळाचे आणि मृत्यूंचे आकडे येत होते. त्या साथीतून बरी झालेली मुलं पुढच्या पावसाळ्यात कशी होती, हे मला कुठे वाचायला मिळालं नाही. नऊ महिन्यांना एक आणि सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान दुसरी, अशा दोन सरकारी लशी मोफत मिळतात. त्यात चालढकल करणाऱ्या शिकल्यासवरल्या, घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये राहणाऱ्या आई-बापांचा मला राग येतो, तो मी इथे लपवत नाही.

ही यादी बरीच लांबवता येईल. कॅनडात, ओंटारियोमध्ये, २०१८ साली दिसून आलं की फ्लू झाल्याचं निदान झालेल्यांना पुढच्या सात दिवसांत हार्ट अटॅक येण्याचा धोका एरवीच्या सहापट होता. अमेरिकी सैन्यातल्या एक कोटीहून अधिक लोकांच्या नोंदींवरून २०२२ मध्ये कळलं की एपस्टाइन-बार विषाणूची लागण झाल्यावर मल्टिपल स्क्लेरोसिस या नसांच्या आजाराचा धोका ३२ पटींनी वाढतो. आता घाबरू नका. हा विषाणू जवळजवळ प्रत्येकाला कधी ना कधी भेटतो आणि फार थोड्यांच्या वाटेला तो आजार येतो.

मला सगळ्यात आवडलेलं काम वेल्समधलं आहे, कारण त्यातली युक्ती फार साधी आहे. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी तो विषाणू नसांच्या मुळाशी झोपून राहतो आणि म्हातारपणी नागीण होऊन उठतो. वेल्सने २०१३ च्या सप्टेंबरमध्ये ज्येष्ठांना नागिणीची लस द्यायला सुरुवात केली, तेव्हा नियम केला की २ सप्टेंबर १९३३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांनाच ती मिळेल. आदल्या आठवड्यात जन्मलेल्यांना कधीच नाही. म्हणजे एका आठवड्याच्या अंतराने जन्मलेली, एकाच गावची, एकसारखं खाल्ली-प्यायलेली माणसं, त्यांतल्या एका गटाला लस आणि दुसऱ्याला नाही. सरकारी बाबूंनी नकळत प्रयोगच मांडून ठेवला होता. पुढच्या सात वर्षांत लस घेतलेल्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचं नवं निदान सुमारे २० टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं. हे २०२५ च्या एप्रिलमध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत छापून आलं. ती लस जुन्या बनावटीची होती, सध्या आपल्याकडे मिळते ती नव्या बनावटीची आहे आणि महागही. त्यामुळे उद्याच आजोबांना घेऊन धावत सुटा असं मी म्हणत नाही. पण झोपलेला विषाणू मेंदूशी काहीतरी खेळ करत असावा, ही शंका आता वाऱ्यावर सोडण्यासारखी राहिलेली नाही.

आणि टीबी. किसननगरच्या गल्ल्यांतून बेडक्याचे डबे येतात, त्यांतल्या कित्येकांचा शेवटचा रिपोर्ट निगेटिव्ह येतो. कोर्स पूर्ण होतो, घरात पेढे वाटतात. तरी काही जण दोन जिने चढले की कठडा धरून उभे राहतात, कारण जंतू गेला पण फुप्फुसाचा जो भाग खाल्ला तो परत येत नाही. इथेही आमचा कागद खोटं बोलत नाही, फक्त अर्धंच बोलतो.

टीबीवरचं जे संशोधन प्रत्येक नगरसेवकाने भिंतीवर लावावं असं मला वाटतं, ते झारखंडमधलं आहे, २०२३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रिकेत आलेलं. २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरातली १०,३४५ माणसं. रुग्णांना तर धान्य दिलंच, पण निम्म्या भागातल्या घरच्यांनाही महिन्याला तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. औषध नाही, लस नाही. तरी त्या घरच्यांमध्ये टीबी ३९ टक्क्यांनी कमी झाला, आणि तपासणीत जंतू सापडलेला फुप्फुसाचा टीबी तर ४८ टक्क्यांनी. सरकार निक्षय पोषण योजनेत रुग्णाला महिन्याला ५०० रुपये द्यायचं, नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. चांगलंच आहे. पण आजच्या भावात एका खोलीत राहणाऱ्या पाच-सहा जणांची डाळ त्यात येत नाही. घरच्यांसाठी निक्षय मित्रांमार्फत, म्हणजे टीबी रुग्णांना मदत करायला पुढे आलेल्या लोकांमार्फत आणि संस्थांमार्फत, शिध्याची पिशवी मिळण्याची सोय झाली आहे. टीबीच्या दवाखान्यात तिची चौकशी स्वतःहून करा, कोणी बोलावून देईल याची वाट बघू नका.

आता तुम्ही पुढचं विचारणार ते ठाऊक आहे: "मग ताई, फुल बॉडी करून टाकू का?" नका करू. मालकांना हे आवडणार नाही, पण सत्तर-ऐंशी तपासण्यांच्या पॅकेजमध्ये तुमचा दुखरा गुडघा कुठेच नसतो. उलट एखादा आकडा काठावर निघतो आणि तुम्ही त्याच्या मागे लागता. ते पैसे दोन वेळा डॉक्टरांकडे जाण्यात घाला. कारखान्यातल्या मुलाने डॉक्टरांकडून किती दिवस हलकं काम हवं ते लिहून घ्यावं. सुपरवायझर माझ्या कागदापेक्षा त्यांच्या सहीला मान देतो.

आणि तरीही तपासणी सांगितलीच असेल, तर येताना जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून आणा, मोबाइलमधले फोटो चालतात, आणि ताप पहिल्यांदा कुठल्या दिवशी चढला ते लिहून आणा. निम्म्या लोकांचं उत्तर "मागच्या आठवड्यात कधीतरी" असं असतं, आणि मग चिठ्ठीवर एनएस१ लिहायची की आयजीएम, हे डॉक्टरांना अंदाजानेच ठरवावं लागतं.