तेवीस प्लगइन्समधून उरलेली सात

“ताई, तुमचावाला लेख उघडूनच नाही राह्यला. नुसतं गोल गोल फिरून राह्यलं.”

मागच्या वर्षी आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी येणाऱ्या फुलोऱ्याच्या फळांची, तोड चालू असताना मोर्शीकडच्या एका कास्तकारदादांचा हा फोन आला. त्यांच्या संत्र्याच्या चार झाडांच्या बुंध्यांतून डिंक गळत होता. दादा बगीच्यातच उभे होते, हातात साधा मोबाईल, नेटवर्कची एक काडी. बुंध्याला लावायच्या मोरचूद-चुन्याच्या बोर्डो पेस्टचं प्रमाण मी फोनवरच सांगितलं. पण मन लागेना. संध्याकाळी स्वयंपाक आटोपल्यावर विहिरीपाशी गेले, वायफाय बंद केलं आणि ब्लॉगवरचा माझाच लेख माझ्या मोबाईलवर उघडून पाहिला. मोटरीच्या पेटीजवळ मी किती वेळ उभी होते ते मोजलं नाही, पण लेख दिसायच्या आधी मच्छरांनी पाय फोडून काढले.

ज्या माणसासाठी लिहिते, त्यालाच ते वाचता येत नव्हतं. हे मला फार लागलं.

आमचा संत्र्याचा बगीचा वरुड तालुक्यात. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, शेंदुरजनाघाटच्या नर्सरीतून जंभेरीच्या (रानलिंबाच्या) खुंटावरची कलमं आणून तो उभा केला. मी 2019 पासून त्याबद्दल लिहिते: बहाराला ताण कधी द्यायचा (पाणी कधी तोडायचं), कोळशी, म्हणजे पानांवरची काळी बुरशी, कशी ओळखायची, फळगळ कशानं होते. वर्डप्रेस या ब्लॉग चालवायच्या सॉफ्टवेअरवर ब्लॉग सुरू केला तेव्हा जे प्लगइन, म्हणजे त्याला जोडायची जादा सोय, चांगलं दिसलं ते टाकत गेले. त्या रात्री यादी उघडली तर तेवीस निघाली. वर सरकणारे फोटो, वाचकसंख्येचा आकडा, लेख किती जणांनी पुढे पाठवला त्याची मोजणी, मेल पत्ता मागणारी खिडकी, आणि डिसेंबरात पानावर बर्फ पाडणारंसुद्धा एक. वरुडात बर्फ!

प्रत्येक प्लगइन आपलं थोडंफार सामान पानाबरोबर पाठवत असतं. संपर्काचा फॉर्म एकाच पानावर होता, पण त्याचं सामान प्रत्येक लेखासोबत जात होतं. एकेक बंद करून विहिरीपाशी जायचं, लेख उघडून पाहायचं, असं मी आठवडाभर केलं. काही तर नुसती जुन्या सवयीनं राहिली होती. फोटो वाचक खाली सरकेल तसे उघडावेत म्हणून एक होतं, गूगलसाठी साइटमॅप, म्हणजे ब्लॉगच्या पानांची यादी, बनवायला दुसरं. या दोन्ही सोयी ऑगस्ट 2020 मध्ये आलेल्या 5.5 आवृत्तीपासून वर्डप्रेसमध्येच आहेत. म्हणून आता नवीन प्लगइन शोधण्याआधी ते काम वर्डप्रेस स्वतः करतं का, हे आधी बघते.

शोधायचंच झालं तर प्लगइनच्या पानावर पहिली नजर शेवटच्या अपडेटच्या तारखेवर. मग ते वर्डप्रेसच्या कोणत्या आवृत्तीपर्यंत तपासलं आहे ते. लोकांनी दिलेले तारे सगळ्यात शेवटी. त्यापेक्षा मदतीच्या पानावर लोकांनी काय अडचणी मांडल्या आणि बनवणाऱ्यानं उत्तर दिलं का, हे जास्त कामाचं. पैशाचं प्लगइन फुकटात देतो म्हणून कोणी फाइल पाठवली तर घेऊ नका. आमच्याच नात्यातल्या एका मुलानं प्रेमानं अशी फाइल पाठवली होती. ती टाकल्यावर माझ्या लेखांत कुठल्याकुठल्या औषधांच्या जाहिरातींच्या लिंका दिसू लागल्या. त्या काढायला दोन रात्री गेल्या.

आता कॅशचं. पान एकदा तयार करून ठेवायचं आणि पुढच्या वाचकाला तेच तयार पान द्यायचं, हे कॅश प्लगइनचं काम. मंद नेटवर्कच्या वाचकासाठी याचा फार उपयोग होतो. माझं होस्टिंग, म्हणजे ब्लॉग ठेवायची जागा, लाइटस्पीड सर्व्हरवर आहे म्हणून मी लाइटस्पीड कॅश वापरते. तसा सर्व्हर नसेल तर डब्ल्यूपी सुपर कॅश साधं आणि बरं. पण दोघांतलं एकच ठेवायचं. मी हौसेनं दोन ठेवली होती, त्याचं काय झालं ते सांगते.

बोर्डोचं 1 टक्का मिश्रण फवारायचं असेल तर 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना आणि 100 लिटर पाणी. बुंध्याला लावायच्या पेस्टला तेवढंच मोरचूद, तेवढाच चुना, पण पाणी फक्त 10 लिटर. फवारणीच्या लेखात माझ्या हातून 100 च्या जागी 10 पडलं. दहा मिनिटांत लक्षात आलं, सुधारलं, निश्चिंत झाले. दुसऱ्या दिवशी फोन आला: “ताई, 10 लिटर म्हणजे पेस्ट झाली ना वो. हे झाडाले फासाचं का फवाराचं?” एका कॅशनं जुनं पान टाकून दिलं होतं, दुसरी तेच जुनं पान वाटत बसली होती. हा माणूस जाणकार निघाला म्हणून त्यानं विचारलं. दुसऱ्या कोणी न विचारता पंप भरला असता तर कोवळी पालवी करपली असती. त्या दिवसापासून औषधाचा कोणताही आकडा बदलला की मी कॅश हातानं रिकामी करते आणि घरातल्या दुसऱ्या मोबाईलवर पान उघडून आकडा पाहते.

मराठीत लिहिणाऱ्यांना खरं सांगायचं आहे ते लिंकबद्दल. “संत्र्याच्या झाडावरील डिंक्या रोग” असं शीर्षक मी दिलं. वर्डप्रेसनं त्यातून लिंकचं जे नाव बनवलं ते होतं “संत्र्याच्या-झाडावरील-डि”. डिंक्याचा नुसता ‘डि’! मला वाटलं माझ्याकडूनच काही दाबलं गेलं. मग समजलं की लिंकच्या नावाला 200 खुणांची जागा असते. देवनागरीतलं एकेक अक्षर, एकेक काना, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्तसुद्धा संगणकात 3 बाइट घेतो, आणि लिंकमध्ये प्रत्येक बाइट टक्क्याची खूण व पुढे दोन चिन्हं असा लिहिला जातो. म्हणजे एका अक्षराच्या 9 खुणा. 200 मध्ये अशी 22 च बसतात. ‘संत्र्याच्या’ या एका शब्दात 12 संपली, ‘झाडावरील’मध्ये 8. उरल्या दोन, ड आणि त्याची वेलांटी.

तीच लिंक वॉट्सॲपवर चिकटवली की टक्के आणि आकड्यांचं दोन-तीन ओळींचं जाळं दिसतं. आमच्या गटातल्या एका काकांनी ते पाहून विचारलं होतं, “हे फसवणुकीचं त नाही ना?” त्यांचं काय चुकलं? बँकेच्या नावानं असलंच काहीतरी येतं आणि लोकांचे पैसे जातात.

उपाय फुकटातला आहे. लेख प्रसिद्ध करण्याआधी लिंकच्या चौकटीत रोमन अक्षरांत दोन-तीन शब्द हातानं लिहायचे. शीर्षक मराठीच ठेवायचं. मी जुन्या लेखांची नावंही अशीच बदलली. लेखाचं नाव बदललं तर वर्डप्रेस जुन्या लिंकवरून नव्या लिंकवर आपोआप नेतं. तरीही कुठे काही निसटलं तर दिसावं म्हणून रीडायरेक्शन हे प्लगइन ठेवलं. जी लिंक सापडली नाही तिची नोंद ते ठेवतं, मग मी ती योग्य लेखाकडे वळवते.

लेख गूगलच्या शोधात वर यावा म्हणून असतं ते एसईओ प्लगइन एक आहेच. त्याचा खरा उपयोग म्हणजे वॉट्सॲपवर लिंक टाकली की खाली कोणता फोटो आणि कोणत्या दोन ओळी दिसाव्या, हे आपण ठरवू शकतो. त्या दोन ओळी मी लेखाइतक्याच मन लावून लिहिते, कारण आमच्या भागात लेख पसरतो तो गटागटांतूनच. त्यातल्या हिरव्या-लाल दिव्यांचं मात्र ऐकणं सोडलं. तो दिवा ‘संत्रा’ शब्द किती वेळा आला ते मोजतो. पण मराठीत संत्रा कुठे संत्रा राहतो? संत्र्याला, संत्र्यावर, संत्र्याचा, सगळी रूपं बदलतात आणि मोजणीत येतच नाहीत. दिवा हिरवा करायच्या नादात मी एकदा “संत्रा झाड”, “संत्रा पान” असं लिहून काढलं. मामाजींनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, “हे कोनं लिहिलं, बाई? तू त अशी नाही बोलत.” तो लेख मी पुन्हा लिहिला. दिवा लाल आहे आणि लेख लोक वाचतात.

फोटोंसाठी स्मश ठेवलं आहे. मोबाईलमधला फोटो चार-चार एमबीचा असतो, तो लहान केलाच पाहिजे. पण नागअळीनं पानावर काढलेली वेडीवाकडी रेघ दिसली नाही तर फोटो कशाला टाकला? म्हणून रोगाचे फोटो आधी किडीच्या जागेपुरते कापते आणि मग हलके करते.

गूगलच्या साइट किटमधून लोक काय शोधून आले ते कळतं. माझ्या यादीत “संत्रा झाड डिंक” आहे, “पाने पिवळी” आहे, आणि रोमन अक्षरांत लिहिलेली मराठी भरपूर. पुस्तकातली नावं जवळजवळ नाहीत. ब्लॉगच्या आतल्या शोधासाठी रेलेव्हान्सी घेतलं. वाचकानं टाकलेले सगळे शब्द एका लेखात नसले तरी ते जवळचा लेख दाखवतं, आणि मोरचूद व कॉपर सल्फेट एकच, हेही त्याला सांगून ठेवता येतं. शिवाय कोणी काय शोधलं त्याची नोंद राहते. माझे पुढचे विषय आता त्या नोंदीतूनच निघतात.

सातवं अपड्राफ्टप्लस. दर आठवड्याला सगळ्या ब्लॉगची प्रत गूगल ड्राइव्हवर ठेवतं. हे मी सगळ्यात आधी टाकायला हवं होतं. एकदा एका प्लगइनच्या अपडेटनंतर ब्लॉगचं पान पांढरं पडलं. लॉगइनही होईना. शेवटी होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमध्ये जाऊन त्या प्लगइनच्या फोल्डरचं नाव बदललं, तेव्हा ब्लॉग परत आला. हा उपाय लक्षात ठेवा. आणि बहाराच्या, तोडीच्या दिवसांत अपडेटला हात लावायच्या आधी प्रत काढून घ्या.

मेलची खिडकी काढली तेव्हा वॉट्सॲपवर ब्रॉडकास्ट यादी केली. एका यादीत 256 जण बसतात आणि ज्यांनी आपला नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच निरोप जातो. म्हणून प्रत्येक लेखाखाली “नंबर सेव्ह करा” एवढं साध्या अक्षरांत लिहिते. त्यासाठी प्लगइन नाही लागत.

सध्या आठव्याचा विचार चालू आहे, टेबलप्रेसचा. मामाजींच्या वह्यांत बहाराचा ताण, पाऊस, फवारण्या, तोडीच्या तारखा सगळं लिहिलेलं आहे, 1994 पासूनचं. टेबलप्रेस एक्सेलमधले तक्ते घेतं. लहान पडद्यावर तक्ता नीट सरकतो की नाही, हे विहिरीपाशी उभं राहून बघायचं आहे. पहिली चाळीस पानं टाइप झाली. 1997 च्या पानावर कधीतरी पाणी सांडलंय आणि मृगाच्या पहिल्या पावसाची तारीख पुसट झाली आहे. ती मामाजींना विचारायची आहे, पण ते ओलिताला गेलेत.