जुनं शेवी ३५० बांधताय? फॅक्टरीचेच पार्ट्स वापरा

मसल कारचं इंजिन बांधायचं म्हटलं की सगळे आधी कॅटलॉग उघडून बसतात, फोर्ज्ड पिस्टन काय, ॲल्युमिनियम हेड काय, आणि मला दरवेळी सांगावंसं वाटतं की अरे बाबांनो, जी गाडी घेऊन रविवारी घरच्यांसोबत लांब फिरायला जायचंय तिला यातलं फारसं काही लागत नाही. शेवरोलेने ३५०, म्हणजे ३५० घन इंचाचं व्ही-८ इंजिन, पहिल्यांदा १९६७ च्या कमॅरोत टाकलं आणि मग तेच ट्रकात, व्हॅनमध्ये, स्टेशन वॅगनमध्ये घातलं, म्हणजे ओझी ओढून ओढून पास झालेला माल अमेरिकेत भंगारवाल्यांच्या यार्डात अजून मिळतो.

ब्लॉकच्या मागे ३९७००१० हा कास्टिंग नंबर (ओतकामातच उमटवलेला) दिसला की लोक लगेच जास्त पैसे मोजतात, फोर-बोल्ट मेन असणार म्हणून, म्हणजे क्रँकच्या मेन बेअरिंगच्या कॅपला दोनाऐवजी चार बोल्ट. पण याच नंबरात टू-बोल्टही निघालेत, खालचं ऑइल चेंबर उघडल्याशिवाय कळत नाही. आणि टू-बोल्ट असला तरी रस्त्यावरच्या गाडीला तो भरपूर झाला हो! तेच पैसे मशीन शॉपला द्या, ब्लॉकचे सिलिंडर ३० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) बोअर आणि नीट होन करून घ्या, फॅक्टरीचेच रॉड नवे बोल्ट टाकून रिसाइज करून घ्या, क्रँक क्रॅकसाठी तपासून घ्या. मेन बेअरिंगला दोन ते अडीच थाऊ क्लिअरन्स मिळाला पाहिजे, आणि तो स्वतः मोजायचा, कुणी सांगितला म्हणून मानायचा नाही.

हेडच्या बाबतीत मी अगदी हट्टी आहे. १९९६ पासून ट्रकवर आलेले व्होर्टेक हेड घ्या, लोखंडीच आहेत, ६४ सीसीचे कम्बशन चेंबर, पण पोर्ट इतके छान की शेवीची जुनी नावाजलेली ‘कॅमल हंप’ हेडसुद्धा मागे पडतात. इनटेक मॅनिफोल्ड मात्र व्होर्टेकचाच लागतो, बोल्ट वेगळे बसतात, आणि कॅमचा लिफ्ट ०.४५० इंचाच्या आसपास ठेवा, नाहीतर व्हॉल्व्ह गाइड कापत बसावं लागेल. हेडचे बोल्ट पाण्याच्या जॅकेटमध्ये उतरतात, म्हणून आट्यांना सीलंट लावल्याशिवाय कसू नका.

फॅक्टरीची एक गोष्ट मात्र सरळ फेकून द्यायची. नायलॉनचे दात असलेला टायमिंग गिअर. आवाज कमी यावा म्हणून तो बसवायचे, पण वयाने दात ठिसूळ होतात, तुटतात आणि तुकडे ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन अडकतात. तिथे स्टीलचाच गिअर हवा.

आता माझा सगळ्यात आवडता भाग. स्टार्ट करायच्या आधी डिस्ट्रिब्युटरच्या भोकातून प्रायमिंग शाफ्ट घालायचा, ड्रिल लावून उजवीकडे फिरवायचा, मधेमधे दुसऱ्याने क्रँक हाताने फिरवत राहायचं. सुरुवातीला ड्रिल हलकं फिरतं, मग एकदम जड होतं, म्हणजे प्रेशर आलं. एकेका रॉकरवर तेल पाझरायला लागतं, सोळाच्या सोळा ओले झाल्याशिवाय थांबायचं नाही. फ्लॅट टॅपेट कॅम (ज्यावर रोलर नसलेले लिफ्टर घासत चालतात) असेल तर हे तेल आधीपासून झिंकवालं ब्रेक-इन ऑइलच हवं, आणि पहिल्या स्टार्टलाच २००० आरपीएमला वीस मिनिटं, आयडलवर सोडायचंच नाही.

त्यानंतर तेल बदला आणि जुना फिल्टर कापून आतला कागद उजेडात उलगडून बघा. असेंब्ली ल्यूबचा काळपटपणा आणि थोडी बारीक चमक चालते, पण नखात अडकेल एवढा धातू मिळाला तर गाडी तिथेच उभी ठेवा आणि लिफ्टर काढून तपासा.