सोमवारपासून करते ना!

गेल्या पावसाळ्यात एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेची टेस्ट, ६.१ आलं. डॉक्टर म्हणाले, डायबेटीस नाहीये अजून, पण ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठ्यावर उभ्या आहात, ६.५ झालं की आत. गोळी नको, आधी खाणं सांभाळा आणि चाला. मी काय, लगेच कामाला लागले. चहा बिनसाखरेचा, डब्यात उसळ, सकाळी तळजाई टेकडीवर चक्कर, ऑफिसात चार वाजता बाकरवडीचं पाकीट फिरायला लागलं की मी बाटली भरायला उठून जायचे. छान चाललेलं, आणि मग गौरी आल्या.

आमच्याकडे सासूबाई गौरीजेवणाचं अजून सगळं घरी करतात, सोळा भाज्या, कटाची आमटी, पुरणपोळी. मी ठरवलेलं, एकच पोळी. पण टम्म फुगलेली पोळी तव्यावरून थेट पानात येते, वर तूप सोडलं की कडेने ओघळून आमटीच्या वाटीपर्यंत जातं, आणि समोर आई उभ्या, "अगं गुळाची आहे, साखरेची कुठेय, घे!" (गूळ काय नि साखर काय, रक्तात गेल्यावर फार फरक नाही, पण गौरींसमोर हा वाद कोण घालणार.) तिसरी मी स्वतःच मागून घेतली.

इथवरही ठीक होतं हो. संध्याकाळी डोक्यात आलं, आता मोडलंच आहे तर गणपती जाऊदेत, मग सोमवारपासून एकदम नीट. झालं! अनंत चतुर्दशीपर्यंत सोसायटीच्या आरतीला रोज पेढा नाहीतर शिरा, मग पितृपक्षात कुणाकडे ना कुणाकडे जेवण, खीर-वडे, तिथे नाही म्हणता येत नाही, मग नवरात्राचे उपास, आणि उपास म्हणजे आपोआप डाएट होतंय असं मी खुशाल धरून चालले, पण साबुदाणा म्हणजे जवळपास नुसता स्टार्च, त्यात दाण्याचं कूट, तूप, बटाटा. एकादशी अन् दुप्पट खाशी, ते आमच्याच घराकडे बघून म्हटलं असणार. पाठोपाठ कोजागिरीचं मसाला दूध, मग फराळ. सोमवार येत होते आणि जात होते. तळजाई कधी सुटली तेही कळलं नाही.

दिवाळीनंतरच्या टेस्टला ६.३.

बोलणी खायची तयारी ठेवूनच डाएटिशियनकडे गेले. त्यांनी पोळ्या किती खाल्ल्या ते विचारलंच नाही, विचारलं, त्या दिवशी रात्री काय खाल्लंत? उरलेल्या पोळ्या, दुधात कुस्करून. आणि दुसऱ्या दिवशी? तेच. मग त्यांनी समजावलं की लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात, त्यांना चिकटलेली साखर या टेस्टमध्ये मोजतात, म्हणजे रिपोर्टात दिसते ती दोन-तीन महिन्यांची सरासरी. एका दुपारच्या तीन पोळ्यांनी काही बिघडत नाही, त्यानंतर दिवाळीपर्यंत जे चाललं होतं ना, ते रिपोर्टात आलंय. मला एकदम हलकं वाटलं आणि रागही आला, एवढी साधी गोष्ट आधी कुणी का नाही सांगितली.

आता मोडलं की पुढचं जेवण नेहमीचं, बास. मूगडाळ-भाकरी, ताक. भरपाई म्हणून उपाशी राहायचं नाही, ते करून बघितलंय, सकाळपासून पोटात काही नाही आणि संध्याकाळी पाच वाजता मी वडापावच्या गाडीवर. सणाच्या पानातही आधी कोशिंबीर आणि उसळ संपवते, पोळी-भात नंतर, त्याने साखर जरा सावकाश चढते. आणि जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं पार्किंगमध्ये फेऱ्या, वॉचमनकाका आधी विचारायचे काही हरवलंय का म्हणून. बाकरवडीसुद्धा खाते, दोन, ताटलीत काढून, पाकिटातून थेट खाल्ली तर हिशोब राहत नाही.

मागच्या महिन्यात ५.९ आलं. आता अक्षय्य तृतीया तोंडावर आलीय, पेटी येऊन पडलीय आणि घरभर हापूसचा वास सुटलाय. आईंना आत्ताच सांगून ठेवलं, मला आमरस एकच वाटी, आणि पुन्हा वाढायच्या आधी विचारा. त्या म्हणाल्या, विचारीन की, पण आग्रह केल्याशिवाय राहायची नाही हां मी.