रात्री ताठणारे पाय आणि माझी झोप

पाय रात्रीचे ताठायला लागले तेव्हा घरात सगळ्यांनी ते ‘गोळे येणं’च धरलं. सासूबाई लसूण घालून कढवलेलं खोबरेल चोळायच्या, कोणी केळी खा म्हणायचं, कोणी कॅल्शियम घे. पण गोळा पोटरीत येतो आणि सुटतो. माझा डोळा लागतो न लागतो तोच उजवा पाय कमरेपासून फळीसारखा ताठ व्हायचा, नाहीतर गुडघा झटक्यात पोटाकडे ओढला जायचा. पाऊल आपोआप थडथडत राहायचं. पुन्हा झोप येईपर्यंत लघवीला उठायची वेळ.

मला मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) आहे, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांचा आजार. बांबोळीला डॉक्टरांकडे गेलं की चालणं, नजर, हातातली शक्ती यावर बोलणं व्हायचं, रात्रीचा विषय निघायचाच नाही. शेवटी ह्यांनीच काढला. “डॉक्टर, हिच्या लाथा खाऊन मी पडवीत झोपायला लागलोय.” डॉक्टर हसले, आणि मग पाय नीट तपासले.

मेंदूकडून मज्जारज्जूतून स्नायूंना सैल राहायचा जो निरोप जातो, तो नसांवरचं मायलिनचं आवरण खराब झाल्यामुळे धड पोचत नाही. मग जराशा निमित्ताने स्नायू आवळतात. निमित्त कसलंही चालतं : भरलेली लघवीची पिशवी, बद्धकोष्ठ, आत वाढलेलं नख, घट्ट नाडी. म्हणून गोळी लिहिण्याआधी त्यांनी लघवी तपासायला सांगितली. संसर्ग निघाला! ना जळजळ, ना ताप. त्याचं औषध पुरं झालं तेव्हा झटके बरेच उतरले होते. आता पाय अचानक बिघडले की मी आधी लघवी तपासून घेते.

उरलेल्यासाठी बॅक्लोफेन, स्नायू सैल करणारी गोळी. 5 मिलिग्रॅमपासून सुरुवात, मग हळूहळू वाढ. वाढता वाढता पाय छान सैल झाले आणि रात्री मागील दारी जाताना गुडघेच वाकले. कुडाळच्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी उलगडा केला : पायात शक्ती कमी आहे, तुम्ही त्या ताठपणाच्या आधारावरच उभ्या राहता, तो सगळा घालवायचा नाही. मग डॉक्टरांनी दिवसाचा डोस उतरवला आणि मोठा हिस्सा झोपतेवेळी दिला. टिझानिडीन हे तसलंच दुसरं औषधही देऊन पाहिलं, पण तोंडाला कोरड आणि सकाळी उठताना चक्कर, म्हणून त्यांनीच ते उतरवत बंद केलं. बॅक्लोफेन मनाने एकदम सोडायचं नाही, फिट येऊ शकते, भास होऊ शकतात. पावसात आमचा रस्ता कधी बंद पडेल सांगता येत नाही, म्हणून जूनच्या आधीच जास्तीच्या स्ट्रिप्स आणून ठेवते.

ताईंनी व्यायाम शिकवले ते झोपण्यापूर्वीचे. तळव्याला पंचा अडकवून पाऊल हळू स्वतःकडे ओढायचं आणि अर्धा-एक मिनिट धरायचं. हिसका द्यायचा नाही, हिसक्याने उलट आवळतं. उताणी झोपले की माझे पाय सरळ ताठतात, म्हणून कुशीवर, गुडघ्यांत उशी घेऊन. झटका आलाच तर जोर लावून दाबायचं नाही. ह्यांना आता सवय झालीय, गुडघ्याखाली हात घालून पाय सावकाश दुमडतात, तो सैल पडेपर्यंत धरून ठेवतात.

लघवीसाठी खोलीतच कमोडची खुर्ची आणली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “देवाच्या पुढ्यात ह्यां कित्याक?” देवघर हललं नाही, खाट हलली. पाणी दिवसा भरपूर पिते, संध्याकाळनंतर बेताने. रात्रीची सोलकढी दुपारवर गेली, याचं दुःख आहेच.

मे महिन्यावर मात्र उपाय नाही. अंग जरा तापलं की एमएसची लक्षणं वाढतात. विल्हेल्म उथॉफ नावाच्या जर्मन डॉक्टरांनी 1890 मध्येच हे नोंदवलंय म्हणे. त्यांनी वेंगुर्ल्याचा मे आणि गेलेली लाइट पाहिली असती तर काय लिहिलं असतं! मी संध्याकाळी कोमट पाण्याने अंघोळ करते, मानेवर ओला पंचा ठेवते. अगदी गार पाणी माझ्या पायांना चालत नाही, लगेच ताठतात.

आता बहुतेक रात्री सलग झोप मिळते. सकाळची गुंगी तेवढी राहिलीय. रात्रीची गोळी थोडी लवकर घेतली तर चालेल का, हे पुढच्या खेपेला डॉक्टरांना विचारायचंय.